दोष क्रमांक नऊ

३, सोमवार

तिसरा डबाही ओलांडून ती सरळ माझ्यापाशी आली, बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. पाच डबे, एकात वास लावलेलं फडकं. सव्वीस वर्षांत हे काम शेकडो कुत्र्यांना शिकवलं. नाक खाली घालायचं, डबा सापडला की बसायचं. ही नाक वर ठेवते. वास घेणं तिला बहुतेक हलकं काम वाटतं.

पहिलवान कुंपणावर रेलून बघत होता. राखणीची कुत्री त्याच्याकडे असतात आणि तोही त्यांच्यातलाच, दिसायला भारी, आतून मऊ. म्हणाला, "ताई, हे कुत्रं आहे की कुत्र्याचा एक्स-रे?"

उत्तर दिलं नाही. चाचणी चालू असताना शिकवणारा कुणालाही उत्तर देत नाही, हा केंद्राचा नियम. चेहरा कोरा. डावा हात मांडीलगत सरळ, उजवा खिशात. कुत्र्याने नाकावर काम करायचं, आपल्या तोंडाकडे बघून नाही. त्याने चूक केली की वरच्या खिशातलं एक बटण खालच्या खिशात टाकायचं आणि वेळ लक्षात ठेवून तक्त्यात लिहायची. आज नऊ बटणं खाली गेली.

तक्त्यात अकरा दोष छापलेले आहेत. नववा: तोंड बघणे. म्हणजे काम सोडून शिकवणाऱ्याकडे बघत राहणे, पंजा लावणे.

केंद्राच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, यांना महिनाअखेर अहवाल हवा आहे. घरं लहान होत चालली, लोक लहान कुत्री मागतात. ग्रेहाउंडची ही सगळ्यात छोटी जात, नजरेवर शिकार करणारी. कामाची आहे की नाही? हो म्हटलं तर आणखी सहा आणणार. नाही म्हटलं तर हिला एक कापडवाला मागतो आहे. दुकानाच्या काचेत बसवायला.

वजन चार किलो दोनशे.

४, मंगळवार

केंद्रातल्या फरशीवर ती रात्रभर थरथरली, म्हणून घरी आणली.

वन्संनी मशीन थांबवून तिच्याकडे बघितलं. "वहिनी, हिला कुणी जेवायला घालत नाही का?"

"ती अशीच असते."

"सुतळीसारखी." झालं नाव.

तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि वन्संनी आपलं शिवणाचं मशीन इथे आणलं. यांची धाकटी बहीण. मी अजून त्यांना अहो-जाहो करते, त्या मला अगं-तुगं. लग्नात ठरलं तेच चाललं आहे. यांचा जुना स्वेटर काढला. एका बाहीत सुतळीचा अख्खा कोट निघाला. दुसरी बाही वन्संनी घडी करून परत ठेवली.

६, गुरुवार

दूध उतू गेलं. मी समोरच उभी होते. वन्सं आल्या, गॅस बंद केला, ओटा पुसला. डोळे भरून आलेले. भावाची आठवण आली असेल. मी विचारलं नाही. या घरात आम्ही तेवढं सांभाळतो.

त्याच्या थोडं आधी सुतळी येऊन पायावर पंजे ठेवून उभी होती. "नाही" म्हटलं. ७.१०, दोष नऊ. कुत्रं घरी असलं तर घरचे दोषही धरायचे.

७, शुक्रवार

पत्रा पडला, तर ती पहिलवानाच्या पायांत. तो म्हणाला, "राखण कुणी कुणाची करायची ते ठरवा." ओल्या गवतावर पाय ठेवत नाही. पाण्यात घालण्याचा प्रश्नच नाही. जिन्याच्या लोखंडी पायऱ्यांना जाळी आहे, तिच्यातून खाली दिसतं, म्हणून बसून राहिली. उचलून आणली. ओझं ओढणं, जखमी माणसाजवळ थांबणं, गर्दीतून वाट काढणं, सगळीकडे शून्य.

एकच गोष्ट. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कागदाचा कपटा वाऱ्याने हलला. मला तो दिसला तेव्हा ती त्याच्यापाशी पोचली होती. तक्त्यात याला रकाना नाही.

१०, सोमवार

पहिलवान म्हणत होता की या जातीच्या पुढच्या पायांची हाडं

इथे पेन टेकून राहिलं. बटणाएवढा डाग पडला आहे. हाडांचं काय, ते आता आठवत नाही. तोंडाला तांब्यासारखी चव. चष्म्याचा नंबर बदलला असणार. सुतळी गुडघ्यावर पंजा ठेवून उभी आहे. कधी आली? दोष नऊ, ८.२० धरते.

१२, बुधवार

वन्सं म्हणाल्या, "हवेत दोरा ओवतेयस का गं?" डाव्या हाताचा अंगठा बोटांवर चोळत होते म्हणे.

"तुमच्या संगतीचा परिणाम."

हसल्या नाहीत.

हे फक्त इथे लिहिते. शेवटी शेवटी आईला आम्हा भावंडांची नावं आठवत नव्हती. तिचीही सुरुवात उतू गेलेल्या दुधापासून झाली होती. या महिन्यात माझं तीनदा दूध गेलं. एक कप फुटला, तो कधी उचलला होता ते माहीत नाही. केंद्रात कळलं तर संपलं. विसरायला लागलेल्या बाईच्या हातात कुणी कुत्रं देत नाही, आणि मला दुसरं काही येत नाही.

१३, गुरुवार

दोष नऊ मोडून काढायचा. तो गेला तर बाकीचं काही शिकवता येईल, अहवालात काही लिहिता येईल. पद्धत जुनीच. ती काम सोडून आली की पाठ फिरवायची, एकदाच "नाही" म्हणायचं, चटईवर परत पाठवायचं. चटईवर टिकली की खाऊचा तुकडा.

वन्सं म्हणाल्या, "बघू दे की तिला. तुझं तोंड बघून तिला काय मिळतंय? आम्ही रोज बघतोच."

"वन्सं, तुम्ही मधे पडू नका."

"मी कधी पडते? मी मशीनवर बसलेय."

१७, सोमवार

आज एकही बटण हललं नाही. घरीही नाही. संध्याकाळी ती उठायला झाली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बसली. थरथरत होती, पण आली नाही. तुकडा पुढे केला. घेतला नाही. तरी बसली.

पहिलवानाला सकाळी सांगितलं होतं की आता ती ऐकते. तो म्हणाला, "ताई, तुम्ही दगडालाही बसायला शिकवाल."

"दगड बसलेलाच असतो."

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१८, मंगळवार

डाव्या हाताला पट्टी आहे, वही सरकते.

माझा हात नळाखाली होता आणि वन्संनी तो धरून ठेवला होता. भाजलं आहे हे मला त्यावरून कळलं. पातेलं ओट्यावर आडवं, पाणी खाली फरशीवर, वाफ येत होती.

"वहिनी, दादाची आठवण काढ, नको कोण म्हणतंय? पण गॅस बंद करून काढत जा."

"मी कुठे त्यांची आठवण काढत होते?"

"मग काय करत होतीस?"

"पाणी तापवत होते."

"चार हाका मारल्या मी."

"मला ऐकू नाही आल्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग नळ बंद केला, मला खुर्चीवर बसवलं आणि मशीनमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. पेन्सिलच्या फुल्या. प्रत्येकीशेजारी वेळ, कापडाची मापं लिहितात त्या बारीक अक्षरात. दोन महिन्यांच्या.

"हे काय?"

"तू अशी निघून जातेस ना, बसल्या जागी, तेव्हाच्या. म्हटलं, कमी होतंय का बघावं. तीन वर्षं झाली, दुःख कमी व्हायला हवं. तुझं वाढत चाललं होतं."

"मला विचारायचं नाही का?"

"तू मला विचारलंस, मी ओटा पुसताना का रडते?"

नव्हतं विचारलं.

सुतळी चटईवरच होती. वन्सं म्हणाल्या, "हात भाजायच्या आधीपासून कण्हत होती बिचारी. पण उठली नाही. तुझा धाक."

१९, बुधवार

कामावर गेले नाही. तक्ता आणि कॅलेंडर जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. वन्सं वेळ वाचायच्या, मी शोधायची.

चार तारखेपासून तेरापर्यंत घरी सहा फुल्या. सहाहींच्या आधी, कुठे तीन मिनिटं, कुठे पाच, तक्त्यात दोष नऊ. सहा तारीख, ७.१०. फुली ७.१४, दूध. दहा तारीख, ८.२०. वन्सं म्हणाल्या, "इथे मी ८.१८ लिहिलंय, दोन मिनिटांचा फरक आहे." ती वेळ मी अंदाजाने लिहिली होती, हे त्यांना सांगितलं.

सतराला एक फुली आहे. मला तिचा पत्ताच नाही. त्या संध्याकाळी मला बरं वाटत होतं. सतराच्या आणि कालच्या फुलीआधी तक्ता कोरा आहे.

तोवर मी तिला शिकवून ठेवलं होतं.

२०, गुरुवार

पहिलवानाने पाच तारखेची चाचणी मजा म्हणून फोनवर घेतली होती. एक्स-रे कुत्रीची. ती आज दोघांनी पाहिली.

सुतळी दुसऱ्या डब्यापाशी आहे. पडद्याच्या कडेला माझा डावा हात, मांडीलगत. अंगठा हलायला लागतो. इतका थोडा की पहिलवानाला दोनदा मागे नेऊन दाखवावा लागला. वीस पावलांवरून तिची मान वर होते. ती डबा सोडते, माझ्याकडे येते, पंजा लावते. मी "नाही" म्हणते. ती बसून राहते. तीन मिनिटं. मग मी खांबासारखी उभी आहे. मागून पहिलवानाचा आवाज येतो, "ताई, चहा? ताई? चहा म्हणतोय मी." मी तशीच. मग मी म्हणते, "चला, पुढचा डबा."

पहिलवानाने फोन खाली ठेवला. "मला वाटलं, नियम आहे म्हणून बोलत नाही तुम्ही. कसल्या कडक, असं सगळ्यांना सांगितलं मी."

सव्वीस वर्षं मी नव्या पोरांना सांगत आले, माझा हात कुत्र्याला काही सांगत नाही. तिने नाक खाली घातलं असतं तर तिला काही दिसलं नसतं.

२१, शुक्रवार

डोक्याला तारा लावून तासभर पडून राहिले. डॉक्टर तरुण, मोजकं बोलणारे. फिटचा प्रकार, त्यात माणूस पडत नाही. मिनिट-दोन मिनिटं असून नसतो. गोळ्या दिल्या. गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर गाडी चालवायची नाही, विस्तवापाशी एकटीने उभं राहायचं नाही.

"विसरण्याचा आजार नाही?"

"नाही."

"नक्की?"

"तुम्ही मला तारीख, वेळ, मिनिटं लिहून आणून दिलीत. हे कुणी लिहिलं?"

"अर्धं नणंदेने. अर्धं मी. पण ओळखलं कुत्रीने."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर वन्सं बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. थांबेनात. म्हणाल्या, "तीन वर्षं मी दादाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, की बघ, किती छळतोयस तिला. त्याचा काही संबंधच नव्हता!"

"आता माफी मागा त्यांची."

"मरू दे. दुसरी एखादी शिवी बाकी असेल, तिच्यात वळती करते."

२२, शनिवार

सकाळी ९.०५ ची फुली. वन्सं जवळ होत्या, काही झालं नाही. पण सुतळी आली नाही. त्या सांगतात, तिने माझ्याकडे बघितलं आणि मग तोंड भिंतीकडे केलं.

कुत्रं शिकवायला महिना लागतो. शिकवलेलं मोडायला किती, ते मला कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे तशी वेळच येत नाही, असं आम्ही समजतो.

२४, सोमवार

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. आईचंही. सांगताना माझे हात खिशात होते, मग ते बाहेर काढले.

त्यांनी तक्ता पाहिला, कॅलेंडर पाहिलं, फोनवरची चाचणी दोनदा पाहिली. म्हणाल्या, "सहा महिने गाडी नाही. मोठी कुत्री नाहीत."

"आणि मी?"

"तुमचं काय? तुमचा अहवाल बाकी आहे."

दाराशी पोचल्यावर पुन्हा हाक मारली. "आपल्याकडच्या जुन्या तक्त्यांत दोष नऊ किती असतील हो?"



२५, मंगळवार

नाटक करून पाहिलं. खुर्चीत बसले, अंगठा बोटांवर चोळला, नजर समोर लावली. सुतळीने मान वाकडी करून बघितलं आणि जांभई दिली.

वन्सं म्हणाल्या, "तुला अभिनय जमत नाही. दादाच्या लग्नातसुद्धा रडता आलं नव्हतं तुला."

"दादाच्या म्हणजे माझ्याच लग्नात."

"तेच म्हणतेय."

पहिलवान फोनवर म्हणाला, "माफी मागा तिची, ताई." कुत्र्याला माफी कळत नाही, असं मी म्हटलं. "मग तुकडा द्या." तो तिला कशासाठी द्यायचा, हाच प्रश्न आहे. ती येते तेव्हाच द्यायला हवा, आणि ती येत नाही. आली तरी त्या वेळी मी हजर नसेन.

२६, बुधवार

वन्संनी आज कबुली दिली. तेरा तारखेपासून, मी सुतळीला चटईवर पाठवलं की त्या मशीनखालून तिला पावाचा तुकडा द्यायच्या. रोज. तिने माझ्याकडे बघितलं की एक.

"वन्सं! मी मोडत होते आणि तुम्ही चोरून जोडत होतात?"

"मला काय कळतंय तुमच्या शास्त्रातलं? ती रडवेली दिसली की मी द्यायचे."

माझ्या हाताखालच्या कुणी हे केलं असतं तर त्याला मी दुसऱ्या दिवशी येऊ दिलं नसतं. मी आत जाऊन पावाचं पाकीट आणलं आणि त्यांच्या मशीनवर ठेवलं. "आता उघडपणे द्या. ती माझ्याकडे बघेल, प्रत्येक वेळी. मी असेन तेव्हा मी देईन. नसेन तेव्हा तुम्ही."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"तू माहीत नाही म्हणालीस? थांब, हे कॅलेंडरवर लिहिते."

२७, गुरुवार

दिवसभर आम्ही दोघी कुत्रीला तोंड बघायला शिकवत होतो. मला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, याचा विचार केला नाही. तिने सत्तावीस वेळा बघितलं. चटईवरून उठली एकदाही नाही. संध्याकाळी फुली नव्हती, त्यामुळे खरं काही कळलं नाही.

शेवटच्या तुकड्याच्या वेळी मात्र शेपटी हलली. दोनदा.

२८, शुक्रवार

अहवाल दिला. दोन पानांत बसला. शेवटचा भाग इथे उतरवून ठेवते.

'वास शोधणे, राखण, ओढकाम, पाणी, थंडी, गर्दी: या कामांसाठी ही जात घेऊ नये. नाजूक हाडं आणि पातळ कातडी यांचा विचार करून कामाची जागा घरातलीच असावी. माणसावर नजर ठेवण्याचं काम या कुत्रीने मी पाहिलेल्या कोणत्याही मोठ्या कुत्र्यापेक्षा चांगलं केलं. मात्र एका कुत्रीवरून जात ठरवू नये. एका कुत्रीवरून तीच कुत्री ठरवायलाही मला सोळा दिवस लागले. आणखी सहा आणण्याआधी थांबावं.

हे काम दोष समजून प्रशिक्षकाने मोडून काढलं. कुत्री ते पुन्हा करेल की नाही, आज सांगता येत नाही. तरीही तिला काचेत बसवू नये.

दोष क्रमांक नऊ तक्त्यातून काढून टाकावा. निदान त्याच्यापुढे एक रकाना जोडावा: त्या वेळी शिकवणाऱ्याला काय होत होतं.'

मोठ्या बाईंनी उभ्यानेच वाचला. 'प्रशिक्षकाने' या शब्दाखाली रेघ मारली. मग त्यांनी कापडवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, "काचेसाठी दुसरं काहीतरी बघा. पुतळा वगैरे."

घरी येताना बसमध्ये सुतळी मांडीवर होती. चौदा थांबे. चालवायचं नसलं की रस्त्यात बघण्यासारखं बरंच असतं. ती सगळं बघत होती, मध्येच मान वळवून मलाही. खिशात बटणं होती, पाव नव्हता. म्हणून नुसतं "हो" म्हटलं.

२९, शनिवार

सकाळी ६.४० ला, वन्सं जवळ असताना, दूध ठेवलं. ६.४२ ला सुतळी चटईवरून उठली, थांबली, मग आली आणि गुडघ्यावर पंजा ठेवला. मी "हो" म्हटलं, गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. पुढचं वन्संनी सांगितलं: फुली ६.४६, सव्वा मिनिट, कुत्री तेवढा वेळ मांडीवर, तुकडा दिला, खाल्ला. नंतर दूध पुन्हा ठेवलं.